नेरूळच्या पडद्यावर अडलेलं लग्न

"आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आणि तो नेरूळला?" मी साताऱ्याहून निघाले तेव्हा आपल्या फिल्म क्लबातल्या तुम्ही सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केलीत. मी कानाडोळा करून एसटीत बसले. असले महोत्सव हे माझं जुनं वेड. युरोपातल्या एका तळ्याकाठच्या गावात मी लाल गालिचा पाहिला आहे. तिथे चित्रपटांपेक्षा पोशाखांचीच चर्चा जास्त. पूर्वेकडच्या एका बंदरात चित्रपट विकणारे आणि घेणारे टेबलं मांडून बसतात, आपली मंडईच म्हणा. आणखी एका डोंगराळ गावात महोत्सव भरतो तो ओस पडलेली हॉटेलं भरावीत म्हणून. ज्याचा त्याचा हेतू. नेरूळचा काय असेल, हे मला पाहायचं होतं.

हायवेवर उतरून रिक्षात बसले. "सेक्टर कुठला?" रिक्षावाल्याने विचारलं. मला फक्त कॉलेजचं सभागृह एवढंच माहीत. मग त्याने मला दोन कॉलेजं दाखवली, आणि दोन्ही चुकीची निघाली. तिसऱ्याच्या फाटकात संयोजक प्रसाद उभा होता. मूळचा कोकणातला, बँकेत नोकरी, बोलणं भरभर.

"टेन्शन घेऊ नका मॅडम, सगळेच चुकतात," तो म्हणाला.

मी त्याला महोत्सवाचा हेतू विचारला. "सिंपल आहे. सोसायटीतल्या माणसाने पायात चप्पल अडकवावी आणि चालत दुसऱ्या देशात जाऊन यावं. बस."

मला हे फारच आवडलं.

त्या संध्याकाळचा मुख्य चित्रपट मात्र इथलाच होता. योआना नावाच्या पोलंडच्या मुलीने शेजारच्या शिरवणे गावात राहून तो केलेला. विषय नामीबाई, गावातली जुनी धवलारीण (आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी म्हणणारी बाई). योआना मराठी त्या गावातच शिकल्यामुळे अस्सल आगरी बोलत होती. सोनेरी केसांच्या मुलीने "चाय पिनार का?" विचारल्यावर मी हसू दाबलं. ती मात्र हसत नव्हती.

"नामीबाय येनार नाय," ती म्हणाली. "तिनं बगितला नाय तर मी कशाला केला?"

हा चित्रपट परदेशात अनेक ठिकाणी दाखवून झाला होता. पुढे होणाऱ्या एका मोठ्या लघुपट स्पर्धेसाठीही तो निवडला गेला होता. पण ज्यांचा तो होता, त्यांनीच तो पाहिला नव्हता. आम्ही तिघं तडक शिरवण्याला गेलो.

उंच इमारतींच्या मागे अचानक अरुंद गल्ली लागते, तेच गाव. नामीबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, नातवाच्या मोबाईलवर पास पाठवला होता ना," प्रसाद म्हणाला.

"पास गेटवर दाखवतान. आवतान दारान येऊन देतान," त्या म्हणाल्या. "लग्नाला मी अशी जाते का, मोबाईल बगून?"

प्रसादचा चेहरा पडला. आवतण म्हणजे घरी येऊन, हातावर अक्षता ठेवून बोलावणं, आणि आम्ही तर हात हलवत आलो होतो. शेवटी नामीबाईंनीच सुनेला हाक मारून कुंकू आणवलं, निवडलेल्या तांदळाला लावून त्या अक्षता आमच्या ओंजळीत घातल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "हां, आता बोलवा."

आम्ही बोलावलं. "आनि आळीला कोन सांगनार?" मग काय, घरोघर गेलो. चहा नको म्हणायची सोय नव्हती. एका घरी तांदळाची भाकरी आणि सुका जवळा (वाळवलेली बारीक कोलंबी) असा बेत होता. माझ्यासारख्या देशावरच्या बाईने दोनदा मागून घेतला, यावरून काय ते समजा.

संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत नऊवारीतल्या बाया, मागे सोसायट्यांमधली मंडळी. पडद्यावर मांडव आला, नवरीला हळद लागली, नामीबाईंचा आवाज चढत गेला. आणि मध्येच दृश्य बदललं. धवला अर्ध्यात तुटला, पडद्यावर खाडी दिसू लागली.

"थांबवा रं!" नामीबाई उभ्या राहिल्या.

प्रसादने घाबरून चित्रपट थांबवला. योआनाने माझा दंड घट्ट धरला.

"पोरीचं लगीन अर्ध्यावर टाकून खारीवर कुटं चाल्लात? धवला मधी तोडत नाय."

आणि अंधारात त्यांनी तो उरलेला धवला म्हणायला घेतला. शेजारच्या बायांनी सूर धरला. मागच्या लोकांनी मोबाईल खाली ठेवले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. गाणं संपल्यावर नामीबाई खाली बसल्या. "आता चालू करा."

नंतर योआना त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. धवला मुळात पूर्ण होता, पण स्पर्धेच्या लांबीत बसावा म्हणून तिने कापला होता. परदेशात कुणाला काही खटकलं नव्हतं. "पुरा ठेवला तर ते मना काडून टाकतील," ती म्हणाली.

नामीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग त्यांना सांग, लगीन लागूदे, मंग घरी जावा."

परत येताना घाटात मी विचार करत होते. इतक्या महोत्सवांत मी परीक्षक पाहिले, पण चित्रपट कुणाचा, हे असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

काल योआनाचा निरोप आला. तिने धवला पुन्हा जोडला आणि स्पर्धेतून चित्रपट बाहेर पडला. वाईट वाटलं, असं तिने लपवलं नाही. पण हा पूर्ण चित्रपट तिने पहिल्यांदा आपल्या क्लबाला दिला आहे. रविवारी दाखवू. ग्रुपवर मी काही टाकणार नाही. मी स्वतः प्रत्येकाच्या दारात येते आहे, अक्षता घेऊन. यायचं, आणि लग्न लागेपर्यंत कुणी उठायचं नाही.