पुलापलीकडे मुक्काम

लोरेटला खोटं बोलता येत नाही, असं सगळं गाव कौतुकानं सांगतं. मी नाही सांगत. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभी हयात काढली, आणि तिच्या या खरेपणापायी मी किती बोलणी खाल्ली ते माझं मला ठाऊक. मुख्याध्यापकांनी सहज विचारावं, "आजचं सूप छान लागतंय, काय घातलंय?" आणि हिनं ढवळता ढवळता सांगावं, "कालचंच आहे." मी मागे डोक्याला हात लावून उभी.

पण पुलावरच्या अधिकाऱ्याला तिनं जे खरं सांगितलं, त्यानं मात्र कहर केला.

पूल म्हणजे आमच्या गावचा. अलीकडे आम्ही, मेन राज्यात, म्हणजे अमेरिकेत. पलीकडे न्यू ब्रन्सविक, म्हणजे कॅनडा. मध्ये नदी. दोन्हीकडे आडनावं तीच, फ्रेंच तीच, भांडणंही तीच. माझ्या तरुणपणी लग्नाला, मर्तिकाला, नाहीतर नुसतं कुणाच्या घरी पत्ते कुटायला पलीकडे गेलं, तर चौकीतला माणूस बसल्या जागेवरून हात हलवायचा. तोही कुणाचा तरी मावसभाऊच असायचा. आता पासपोर्ट लागतो आणि चौकीत बाहेरगावची माणसं असतात. त्यांना आमची नाती काय कळणार?

लोरेटची आई जर्मेन पलीकडची. लग्न होऊन इकडे आली, आणि मग पोरं पाठोपाठ. तेव्हा आमच्याकडे एक रीत होती. घरात पोरं जास्त झाली आणि आजोळी म्हाताऱ्या माणसाच्या हाताशी कुणी नसलं, की एक पोर तिकडे देऊन टाकायचं. दत्तक वगैरे काही नाही. बोचकं बांधायचं आणि पोहोचवून यायचं. रोज-आल्मा, म्हणजे लोरेटची दोन वर्षांनी मोठी बहीण, अशीच सहाव्या वर्षी मेमेरकडे गेली. मेमेर म्हणजे आजी. कडक बाई, पण नातीचे तिथले सगळे कागद तिनं पाद्रीबुवांच्या मागे लागून तेव्हाच करून घेतले होते.

दर रविवारी जेवणं उरकली की जर्मेन पूल ओलांडून लेकीला भेटायला जायची. सोबत लोरेट. अंधारून आलं की जर्मेन कोट चढवायची, आणि कोट दिसला की रोज-आल्मा रडायला लागायची. पायरीवर उभी राहून, नाक वाहेपर्यंत. जर्मेन मागे वळून बघायची नाही. बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता, असं मला आता वाटतं. पण लोरेटला ते कधी पटलं नाही. "दगड होती आमची आई," असं ती म्हणते.

दोघी बहिणी म्हाताऱ्या झाल्या तरी यावरून एकमेकींना टोचायच्या.

"तुला आई मिळाली," रोज-आल्मा म्हणायची, "मला पूल मिळाला."

"आई मिळाली म्हणजे काय मिळालं? आठ जणांचे मोजे रफू करायला मिळाले. तुला मेमेरनं बाहुली आणली होती, खऱ्या केसांची!"

"बाहुली ने मग. दे आई."

इथवर आलं की दोघी कॉफी ओतून घ्यायच्या.

रोज-आल्मानं लग्न केलं नाही. पलीकडच्या इस्पितळात धुलाईखात्यात नोकरी केली आणि मेमेरच्या घरात एकटी राहिली. सत्तरीला आली आणि तिचं विसरायला लागलं. आधी मीठ दोनदा पडायचं. मग शेगडी चालूच राहायला लागली. लोरेटचा नवरा रेनो तोवर गेला होता, मुलं लांब. मग ही रोज सकाळी डबा घेऊन पलीकडे जायला लागली आणि संध्याकाळी परत. निघताना कोट अंगावर घातला, की रोज-आल्मा रडायला लागायची. त्याच पायरीवर.

लोरेट परत आली की तिच्या घरी न जाता माझ्याकडे यायची. कोट न काढता स्वयंपाकघरात बसायची. मी प्लॉय घालायची, बकव्हीटच्या पिठाची आमची पातळ धिरडी. त्यांना लोणी लावून पुढे ठेवायची. एवढंसं तोंड व्हायचं. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा, कारण कीव केलेली तिला खपायची नाही.

एक दिवस म्हणाली, "फर्नांद, मी तिकडेच जाते राहायला."

"जा की. कधी?"

"उद्या."

उद्या म्हणजे उद्याच. कुणाला विचारायचं असतं हे ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या. बहिणीकडे राहायला जायला परवानगी लागते, हे आमच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला सुचणारच नाही. तिनं गाडीत गादी कोंबली. शिवणयंत्र, पिठाचं पोतं, बिडाचा तवा. गेली पुलावर.

अधिकारी नवा होता, टोरांटोकडचा. नम्र होता, तिनंच सांगितलं.

"कुठं निघालात, बाई?"

"बहिणीकडे."

"किती दिवस?"

अहो, कुणीही म्हणेल आठवडाभर! कुणीही! ही काय म्हणाली? "ती आहे तोवर."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मरेपर्यंत. नाहीतर मी."

त्यानं मागच्या गादीकडे पाहिलं. नागरिक नाही, राहण्याचा परवाना नाही, आणि बाई संसार घेऊन निघालीय. त्यानं गाडी वळवायला लावली. कॉम्प्युटरात तिचं नाव चढलं ते चढलंच. पुढं रोज तिला चौकीत उतरवून घ्यायचे, विचारायचे, आणि संध्याकाळी परत जाणार हे कबूल करून घेऊनच सोडायचे.

"परदेशात गादी घेऊन कोण जातं गं?" मी ओरडलेच.

"परदेश कुठला? आईचं घर आहे ते."

"मग तसं सांगायचंस त्याला!"

"त्यानं विचारलं नाही."

आता बोला.

बरं, त्या अधिकाऱ्यानंच जाता जाता सांगितलं होतं: आई इथं जन्मलेली असेल तर तुम्ही बहुतेक जन्मापासूनच इथल्या नागरिक असाल, फक्त दाखला काढावा लागेल. लोरेटनं ते माझ्या टेबलाशी बसून दोनदा सांगितलं. "म्हणजे मी आहे. पण आहे हे दाखवायचंय."

घाई करायचं कारण होतं. रात्री रोज-आल्मापाशी शेजारची बर्नाडेट झोपायला जायची, पण वसंतात तिच्या लेकीचं बाळंतपण होतं आणि ती लेकीकडे जाणार होती. सरकारकडून बघायला येणारी बाई स्वच्छ सांगून गेली होती, की रात्री घरात कुणी नसेल तर रोज-आल्माला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. आश्रम तीन तासांच्या रस्त्यावर, शहरात. जिला एकदा बोचकं बांधून पोहोचवली, तिला परत एकदा पोहोचवायची. लोरेट हे असं बोलली नाही. पण मला कळत होतं, आणि तिलाही कळत होतं की मला कळतंय.

मग सुरू झाली कागदांची रड. तिचा जन्माचा दाखला, आईचा जन्माचा दाखला, आईच्या लग्नाचा. फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, हसू नका. मी म्हटलं, बाबा, हिला ते सांगायची गरज नाही. काही महिन्यांनी पत्र आलं, की आईच्या एका कागदावर मारी जर्मेन आहे आणि दुसऱ्यावर नुसतं जर्मेन, या दोघी एकच का? अरे देवा! आमच्याकडे प्रत्येक पोरीचा बाप्तिस्मा मारी म्हणून होतो आणि प्रत्येक पोराचा जोझेफ म्हणून. कोण वापरतं ते? मीसुद्धा मारीच आहे. तेही शपथेवर लिहून दिलं.

त्या संध्याकाळी ती बराच वेळ आईच्या जन्मदाखल्याकडे बघत बसली.

"जन्मभर सांगत आले, मी आईसारखी नाही," ती म्हणाली. "आता सरकारला पटवायचंय की मी तिचीच आहे."

"आहेसच. हट्टी तर अगदी तशीच."

एरवी ती मला फटकारते. त्या दिवशी नुसती मान हलवली.

तो हिवाळा सरता सरेना. सकाळी बर्फ उपसायचा, गाडी काढायची, चौकी, तेच प्रश्न, डबा, बहिणीला न्हाऊ घालणं, कोट, रडणं, चौकी. तिचे गुडघे सुजायचे. मी म्हणायची, एक दिवस जाऊ नको. ती जायचीच. फेब्रुवारीत रोज-आल्मानं तिला नावानं हाक मारणं बंद केलं. आधी वाटलं, रुसलीय. मग एकदा तिनं लोरेटलाच विचारलं, "तुम्ही इस्पितळातून आलात का?"

त्या दिवशी लोरेट माझ्याकडे आली आणि पहिल्यांदा कोट काढून ठेवला. प्लॉय तसाच राहिला. रडली नाही. मी रडले.

दाखला आला तो एप्रिलमधल्या एका साध्या मंगळवारी, किराणा दुकानाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात. नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला होता. बर्नाडेट त्याच आठवड्यात निघणार होती. दाखला आला की लोरेट धावत येईल, निदान फोन करेल, असं मला वाटायचं. संध्याकाळी ती नेहमीसारखी आली नाही म्हणून मीच गेले, तर लिफाफा टेबलावर पडलेला, उघडलेला, आणि बाई भांडी घासतायत.

"अगं, आला!"

"आला."

"मग?"

"मग काय? वेळेवर आला. तिची आठवण मात्र तोवर थांबली नाही."

मी खुर्चीत बसले. खरं सांगते, माझ्या मनात वाईट विचार आला आणि मी तो बोलूनही गेले. "लोरेट, तिला आता तू काय आणि बर्नाडेट काय. आश्रमातली नर्स काय. तिला कळणारसुद्धा नाही. तुझे गुडघे बघ. कशाला जातेस?"

तिनं हात पुसले. "मी कोण ते तिला कळत नाही. मी निघाले की तेवढं कळतं."

दुसऱ्या दिवशी मी माझी पिकअप काढली. गादी, शिवणयंत्र, तवा, सगळं परत चढवलं. पुलावर तोच टोरांटोचा अधिकारी. त्यानं तिला ओळखलं, गादीलाही ओळखलं असणार.

"किती दिवस, बाई?"

मी मनात म्हटलं, हिला आता तरी बुद्धी दे रे देवा.

"ती आहे तोवर," लोरेट म्हणाली आणि दाखला पुढे केला.

त्यानं तो वाचला. नीट घडी घालून परत दिला. "या," म्हणाला.

मेमेरच्या घरी रोज-आल्मा खिडकीपाशी बसली होती. तिची तीच जागा, तिथून पूल दिसतो. आम्ही आत गेलो तशी तिनं मान वळवून लोरेटकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की मी हातातला तवा तसाच धरून उभी राहिले.

"आई, आलीस?"

मी लोरेटकडे पाहिलं. कालच्या सुपाला कालचं म्हणणारी बाई ही. अधिकाऱ्यापुढे दोनदा खरंच बोलली. आता म्हणेल, मी आई नाही, मी लोरेट. आणि तो चेहरा विझेल.

लोरेटचे ओठ हलले आणि थांबले. आयुष्यभर जिला दगड म्हणाली, तिच्या जागी उभी होती ती.

"आले गं," ती म्हणाली.

"आज रविवार आहे?"

"नाही. बुधवार."

"मग परत कधी जाणार?"

"जात नाही आता."

रोज-आल्माचे डोळे लोरेटच्या अंगावरच्या कोटावर खिळले होते. कोट म्हणजे निघणं, तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ते काही ती विसरली नव्हती. लोरेटनं कोट काढला. खुंटीवर टांगायला गेली, तसे रोज-आल्माचे डोळे खुंटीकडे गेले. लोरेट थबकली. मग वळली आणि कोट माझ्या हातात दिला.

"हा तू घेऊन जा," म्हणाली. "आत्ताच."

चहासुद्धा न घेता मी निघाले. पायरीवर आले आणि कान देऊन उभी राहिले. आतून रडण्याचा आवाज आला नाही. गाडीत बसल्यावर मात्र मला रडू आवरेना, पूल येईपर्यंत.

तिचा कोट माझ्या दाराशी टांगलेला आहे. रविवारी मी पलीकडे जाते, तेव्हा तो नेऊ का म्हणून विचारते. ती म्हणते, राहू दे तिथंच.