वालाच्या दाण्याची राणी

नाताळनंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाला आमच्या आळीत आग्नेसमावशी रव्याचा केक भाजते आणि त्यात वालाचा एक दाणा लपवते. ज्याच्या तुकड्यात दाणा निघेल, तो रविवार संध्याकाळपर्यंत आळीचा राजा. बाई असली तर राणी. राजाने काडीचं काम करायचं नाही, स्वतःचं ताटसुद्धा उचलायचं नाही. वर त्याला तीन हुकूम, आणि ते कोणी मोडायचे नाहीत. दाणा देवाच्या मर्जीने मिळतो, असं मावशी सांगते. खरं तर त्या तुकड्यावर ती लवंग खोचते आणि तो दरवर्षी बरोबर एखाद्या वजनदार माणसाच्या पुढ्यात जातो.

सत्त्याहत्तर साली तो गेला आमच्या हेडमास्तरांच्या, फर्डिनंड सरांच्या पुढ्यात. "मला गोडाची बंदी आहे हो, आग्नेसबाई," असं नाकात म्हणत सरांनी तो शेजारच्या उर्सुलाच्या बशीत ठेवला. मावशी "अहो, अहो" करेपर्यंत उर्सुलाने लवंग फेकली, मोठा घास घेतला, आणि दाताखाली कट्ट वाजलं.

उर्सुला माझी चुलत बहीण. सोळा वर्षांची, दहावीत. त्या गुरुवारी सकाळी ती केळीच्या वाडीत गुडघाभर चिखलात पाणी वळवत होती. दुपारी खुर्चीत बसली होती, डोक्यावर चॉकलेटच्या चांदीचा मुकुट आणि पायाखाली पाट.

"राणीसाहेब, आंबील वाढू?" तिची आई, म्हणजे आमची काकी.

"वाढा. पण मीठ बेताने. काल राजोडीचा समुद्र ओतला होता."

काकीने डाव उगारला, मग नियम आठवून खाली ठेवला. "रविवारनंतर ये घरात," एवढंच पुटपुटली.

शुक्रवारी पहिला हुकूम सरांवर सुटला. एकोणतीसचा पाढा, उलटा. सर दोनशे नव्वदपासून ऐटीत उतरू लागले आणि दोनशे तीनवर अडकले. उर्सुला त्यांच्याच नाकातल्या आवाजात म्हणाली, "घरी काय करता? माश्या मारता?" सर स्वतःच इतके हसले की चष्मा पुसावा लागला. दुसरा हुकूम मावशीला: तासभर गप्प बसायचं. मावशी गप्प बसली, पण हातांनी, भुवयांनी आणि पदराने इतकं बोलली की तासाभराने आम्हीच दमलो.

तिसरा हुकूम मात्र उर्सुलाने राखून ठेवला होता. का, ते मला ठाऊक होतं.

तिचे बाबा, बॅप्टिस्टकाका, आळीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. उर्सुला ते चोरून शिकली होती. वाडीला पाणी सोडलं की ती बाबांचं ट्रम्पेट घेऊन मोटरीच्या खोलीत शिरायची. मोटरीच्या घरघरीत बाहेर काही ऐकू यायचं नाही. रविवारी क्रुसाची मिरवणूक होती. जूनमध्ये तिला नर्सिंगला मुंबईला धाडणार होते. बँडबरोबर एकदा वाजवायचं, तर हाच रविवार.

शनिवारी ती काकांसमोर उभी राहिली. "बाबा, तिसरा हुकूम. उद्या मी वाजवणार."

काकांनी ट्रम्पेट पुसायचं थांबवलं नाही. "राणीने काम करायचं नाही. वाजवणं हे काम आहे. विचार आग्नेसला."

"काम तर आहेच. हा हुकूम धरायचा नाही, दुसरा दे," मावशी म्हणाली. नियमापुढे तिला सख्खा भाऊही दिसत नाही, शेजारची पोर कुठून दिसणार?

"आणि पोरींनी फुंकू नये," काका म्हणाले. "ओठ जाड होतात. लग्नाला कोण उभा राहील?"

"तुमचे झालेत की. आई उभी राहिलीच ना?"

काकी खोकत आत गेली. पण काका हलले नाहीत, आणि उर्सुला रात्री जेवली नाही. राणी उपाशी म्हणून घरात सगळेच उपाशी, तोही नियमच.

रविवारी क्रुसापाशी सगळी आळी जमली. बँडमधल्या फेबियनने ढोल गळ्यात अडकवला. काका ट्रम्पेट ओठाला लावणार, एवढ्यात उर्सुला खुर्चीवर चढली.

"तिसरा हुकूम. हे राज्य मी बॅप्टिस्ट यांना देते."

आणि तिने मुकुट काकांच्या टकलावर ठेवला.

क्षणभर कोणाला काही कळेना. पहिल्यांदा कळलं ते मावशीला. ती पुढे झाली आणि काकांच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलं. "राजाने काम करायचं नाही, बॅप्टिस्ट."

"अगं, मग वाजवणार कोण?"

"ते राजाने बघायचं नाही."

"लोक उन्हात उभे आहेत," फेबियन ढोलामागून म्हणाला. "उर्सुला आता मोकळीच आहे ना? दे तिला."

उर्सुलाने ट्रम्पेट घेतलं. पहिला सूर असा फाटला की कुंपणावरचा कोंबडा उडाला. कोणीतरी फिसकन हसलं. तिने ओठ पुसले आणि पुन्हा फुंकलं. या खेपेला सूर सरळ केळीच्या वाडीपलीकडे गेला. सरांनी टोपी काढली. मिरवणूक हलली.

काका छत्रीखाली, मुकुट सावरत, तोंड आंबट करून चालत होते. पण मी शेजारीच होतो. ट्रम्पेटच्या तीन कळा दाबाव्या तशी त्यांची तीन बोटं मांडीवर तिच्याबरोबर अचूक दाबली जात होती.

वळणावर त्यांनी हात वर केला. नव्या राजाचा पहिला हुकूम. बँड थांबला. उर्सुलाचा चेहरा उतरला.

"थोडं सावकाश," काका म्हणाले. "मागे म्हातारी माणसं आहेत. आणि वरचा सूर घेताना खांदे उचलू नकोस. चला."