सुभेदारांचा नियम

सुभेदार नव्या माणसाला नाव विचारत नसत. आधी विचारत, "चूल कुठं पेटती तुमची?" मी सांगलीत संगणक शिकवणारा मास्तर. पहिल्याच भेटीत गांगरून त्यांना घराचा पूर्ण पत्ता सांगून बसलो होतो.

सैन्यातून आल्यावर ते पलूस भागात जत्रेतल्या कबड्डीचे पंच झाले. मामाच्या गावच्या संघातून परगावचे भाचे खेळवायची आमच्याकडे जुनी रीत. तिला कुणी हरकत घेत नाही, सुभेदार घेत. सख्ख्या भाच्याला परगावचा म्हणून त्यांनी भर मैदानात संघाबाहेर काढलं, तेव्हा बहिणीनं त्या वर्षी भाऊबीजेला बोलावलं नाही. "लय वाईट वाटलं. पर शिट्टी माझ्या तोंडात व्हती," एवढंच म्हणत.

मोबाइलवरच्या खेळांचा राष्ट्रीय संघ निवडायला समिती झाली, मीही तिच्यात होतो, आणि देशाकडून कोण खेळू शकतं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा त्यांचं नाव मीच सुचवलं. सत्तरीच्या माणसाला यातलं काय कळतंय, म्हणून बाकीचे हसले. पण सुभेदार त्यातला एक लढाईचा खेळ रोज खेळत. बायको गेलेली, मुलगी जर्मनीत. तिकडेच जन्मलेल्या नातीनं, सईनं, त्यांना फोनवरून शिकवलं होतं. "मी लगीच मरतो. मग ती लडती आन् मी बघत बसतो. तेवढीच सोबत."

सई मोठी खेळाडू निघाली. पासपोर्ट जर्मन, पण तिला भारताकडून खेळायचं होतं. निवड झाली असती तर सराव शिबिरासाठी चार महिने ती इकडे येणार होती, आणि दर सुट्टीला पलूसला. आजी-आजोबा भारतीय असले तरी चालेल, असं कलम मी मसुद्यात घातलं होतं. त्या भरवशावर म्हाताऱ्यानं माडीवरची खोली रंगवून घेतली.

शेवटच्या बैठकीत सगळे राजी होते. सुभेदारांनीच हात वर केला. "ह्ये कलम काढा. पासपोर्ट ज्या देशाचा, त्याच देशाकडनं खेळायचं."

"आवं सुभेदार, दुसरे देश देतात की अशी सूट!"

"देऊ द्यात. भाच्याला भाईर काढला, आता नातीला कशी घुसवू?"

कलम गेलं. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा येतो.

सई जर्मनीकडून खेळली. भारताविरुद्धचा तिचा सामना बघायला मी मुद्दाम पलूसला गेलो. ती जिंकली. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते न कळून सुभेदार हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यानंतर तिचं खेळायला बोलावणं हळूहळू थांबलं. "रागावली न्हाई म्हणती. सवड न्हाई म्हणती," ते मला सांगत, आणि माझ्याकडे न बघता सांगत.

पुढे नवी समिती आली आणि तिनं ते कलम परत घातलं. मी धावतपळत त्यांना फोन केला. तोवर सईनं खेळ सोडून नोकरी धरली होती. सुभेदार गेले त्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट. आमचं शेवटचं बोलणं. 

ऐकून म्हणाले, "बरं झालं, मास्तर. कुणाच्या तरी घरी नात ऱ्हायला येईल."