गहाण म्हशीचा चारा

काकी गेली ती सकाळची धार काढून झाल्यावर. ओट्यावर बसली, काकांना म्हणाली, “जरा पाठ टेकते,” आणि... तेवढंच. काकांचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला ऑफिसात पोचले होते. “काकी गेली,” एवढंच आधी बोलले. मग म्हणाले, “दूध अजून कोमट हाय.” त्याला आता सव्वा महिना होईल.

काकीबद्दल लिहायचं तर तिच्या मोडलेल्या मांडीपासूनच सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी परतीच्या पावसानं कापलेलं भात शेतातच कुजलं होतं. किन्हवलीच्या पुढं आमचं गाव, आणि गावात गहाण ठेवण्यासारखं आमच्या घरात जे होतं ते आधीच गहाण पडलेलं. डोरलं सोनाराकडं, पितळी हंडा शेजारी. उरली होती म्हैस, आणि ती काकीशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. अशात काकी पेंढा काढताना माळ्यावरून पडली. कल्याणकडच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं आणि खाली काउंटरवरच्या मॅनेजरनं नेऊ नका म्हणून. निम्मं बिल बाकी होतं. “पूर्ण भरा, मग पेशंट सोडू.”

मी हे वर जाऊन काकीला सांगितलं. वाटलं, रडेल. ती छताकडं बघत म्हणाली, “म्हणजे मी गहाण हाय तर.”

इथून पुढं जे झालं ते आमच्याकडचेच लोक करू जाणोत. आमच्याकडं गहाण जनावराचा रिवाज ठरलेला आहे. म्हैस ज्याच्या दावणीला, चारापाणी त्यानं बघायचं. काकीनं तोच रिवाज दवाखान्याला लावला. सकाळी नर्स आली की, “पोरी, चा आण. साखर जास्त. मी तुमच्या दावणीला हाय.” दुपारी डबा आला नाही की वॉर्डबॉयला हाक. “काय रं, गहाण जनावर उपाशी ठेवत्यात का तुमच्यात?” मॅनेजर समजूत घालायला वर आला, तर त्यालाच तिनं स्टुलावर बसवलं.

“आजी, रोजचं बेडचं भाडं वाढतंय. तुमचंच नुकसान आहे.”

“गहाण म्हशीला गोठ्याचं भाडं लावणारा सावकार मी अजून पायला नाय, दादा,” काकी म्हणाली. “दूध मी देत नाय, हे कबूल. पण चारा तुमी घालायला पायजे.”

शेजारच्या खाटेवरची बाई हसता हसता टाके धरून बसली. पण संध्याकाळी मला एकटीला काकी म्हणाली, “गो, म्हैस आटंल. तुझ्या काकाला ती लाथा घालते. मला घरी ने.” तेव्हा मात्र तिचा आवाज बारीक झाला होता.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ही गोष्ट मी कुठंही सांगते, इथंही सांगते. शिकल्याचा एक फायदा असा की भिंतीवर काही लिहिलेलं असलं की माझे डोळे आपोआप तिकडं जातात. काउंटरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाडाची मोठी कुंडी होती आणि तिच्यामागं रुग्णांच्या हक्कांचा बोर्ड. मी कुंडी सरकवली. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला किंवा मयताला अडवून ठेवता येणार नाही, असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. मी ते वाचलं. मग वळून, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.

मॅनेजर बाहेर आला. “मॅडम, तो बोर्ड लावावाच लागतो. तुम्ही वकील आहात का?”

“नाही. बी.ए. मराठी.”

“मग?”

“म्हणून तर वाचता आलं. पैसे आम्ही बुडवत नाही, हप्त्यानं देऊ, आत्ता लिहून देते. बाकी राहिलं तर कोर्टात मागा. माणूस ठेवता येणार नाही. ठेवायचाच असेल तर तसं लिहून द्या, मी पोलीस ठाण्यात दाखवते.”

लिहून द्यायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. रांगेतला एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, “बाय, ते परत एकदा वाच. माझा पोरगा पण वर हाय.”

तासाभरात काकी व्हीलचेअरवरून खाली आली. दारात तिनं चाकं थांबवायला लावली आणि मॅनेजरला म्हणाली, “आमची पोरगी शिकलेली हाय, दादा. मोठ्यानं वाचते.” मग कुंडीकडं बोट दाखवून, “त्या झाडाला जरा उन्हात ठेवा.”

पुढं वसुलीचा एक माणूस फोन करायचा. घरी येऊन सामान उचलू म्हणायचा. काकीनं त्याला गाव विचारलं. वैशाखरे म्हणाला. “मग तू आमच्या सोयऱ्यातला. ये, पण जेवून जा. सामान बघशील तर तूच रडशील.” पुढच्या फोनला मी होते. हप्ता चालू आहे आणि धमकी दिली तर तक्रार होईल, हे मी त्याला सांगितलं. त्यानंतर त्याचा आवाज एकदम पाहुण्यासारखा झाला.

दवाखान्यानं काकीच्या मनगटाला नाव लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी बांधली होती. घरी आल्यावर ती कापून तिनं म्हशीच्या दाव्याला गुंडाळली. “आता हिला कोण गहाण ठेवतो बघते,” म्हणाली. पट्टी अजून तिथंच आहे. परवा काका धार काढायला बसले होते. म्हैस लाथ मारत नाही आता, नुसती मागं वळून बघते... मी विचारलं, “काका, काढू का ती पट्टी?” ते म्हणाले, “राहू दे. तिचं नाव हाय त्यावर.”

बिल आम्ही हप्त्या-हप्त्यानं सगळं फेडलं. म्हैस विकावी लागली नाही. आणि काकी गेली तेव्हा आपल्या घरी, आपल्या ओट्यावर होती.