परवलीचे नाना

आमची नात संगणकासमोर बसली की अधूनमधून कुरकुरते, "आजोबा, पुन्हा पासवर्ड बदलायला सांगतोय!" पासवर्ड म्हणजे काय, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर नाना पहारेकरी तो मला रोज सकाळी विचारत असत, आणि तेव्हा संगणक आम्ही चित्रातसुद्धा पाहिलेला नव्हता.

साठचं दशक संपत आलं होतं. मी तिथे वजनकाट्यावर कारकून होतो. रुईच्या गाठी चोरीला जाऊ लागल्या तेव्हा शेठजींनी हुकूम काढला. संध्याकाळी सुटताना कामावरच्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवसाचा परवलीचा शब्द सांगायचा, आणि सकाळी तो सांगेल त्यालाच आत सोडायचं. शब्द नानांनी ठरवायचा, त्यात कोणी लुडबूड करायची नाही.

नाना उंच, वाळकुडे, एका कानाने जरा कमी ऐकणारे. कधी 'भरीत', कधी 'यावल', कधी आपल्या म्हशीचं नाव, असे त्यांचे शब्द. "ध्यानमा ऱ्हाई असा पाहिजे, पन शेजारीले सुचाले नको," ते आपल्या अहिराणीत सांगत. "आनि बायकोले बी सांगानं नही!" गावात त्याची चेष्टा सुरू झाली. कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा आम्हाला विडा देण्याआधी "शब्द?" म्हणून विचारायचा. एकदा खुद्द शेठजी शब्द विसरले, तर नानांनी त्यांना उन्हात उभं केलं. "शेठ असो का शेठना बाप, शब्द बठ्ठासले सारखा शे." शेठजी हसले आणि घरी जाऊन शब्द विचारून आले, कारण आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या मुलाने ऐकला होता.

त्याच हंगामात झिपरूचं धोतर यंत्राच्या पट्ट्यात अडकलं आणि तो गेला. रोजंदारीवरचा हसतमुख गडी, घरी बायको आणि दोन पोरं. चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले, तेव्हा आमच्या मॅनेजरने न अडखळता सांगितलं, "हा आमचा माणूस नाही. गाठी चोरायला शिरला असेल." मेलेल्या माणसाला चोर ठरवून तो दुपारी पोटभर जेवला. असल्या माणसाची दया येणाऱ्यांतला मी नाही.

नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. "चोर शब्द बोलीसन येत नही," ते मला म्हणाले. "आते देख मी काय करस."

त्या संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या दिवसाचा शब्द सांगितला: झिपरू.

सकाळी फाटकाशी एकेक गडी येई आणि छाती काढून "झिपरू" म्हणे. मग मॅनेजर आला. नानांनी काठी आडवी धरली. "शब्द, साहेब?" त्याने आरडाओरडा केला, नोकरीवरून काढायची धमकी दिली. पण शेठजी लग्नासाठी मारवाडात गेले होते आणि फाटकावर नानांखेरीज कोणाचं चालत नव्हतं. शेवटी तो पुटपुटला. "ऐकू नही उनं," नाना म्हणाले. त्याला मोठ्याने बोलावं लागलं. आत आम्ही सगळे काम थांबवून ऐकत होतो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

रोज बदलणारा शब्द मग बदलेचना. मॅनेजर रोज सकाळी त्याच फाटकावर तेच नाव घेई, आणि नानांना रोज ऐकू कमी येई.

झिपरूची बायको गप्प बसणारी नव्हती. तिच्या तक्रारीवरून इन्स्पेक्टर पुन्हा आले. मॅनेजर त्यांना घेऊन फाटकाशी आला आणि तिथेच अडला. नानांची काठी आडवी होतीच.

"झिपरू," मॅनेजर दात आवळून म्हणाला.

"हे तर मेलेल्या माणसाचं नाव," इन्स्पेक्टर चमकून म्हणाले. नानांनी त्यांना फाटकाचा सगळा रिवाज सांगितला. मग इन्स्पेक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी झिपरूने शब्द सांगितला होता?"

"सांगेल व्हता, साहेब. मी सोता ऐका. आनि शब्द आम्ही फक्त आठे काम करनारासलेच सांगतस."

इन्स्पेक्टर मॅनेजरकडे वळले. "चोराला तुमचा शब्द कोणी सांगितला हो?" मागे उभ्या असलेल्या गड्यांनी मग एकेक करून तोंड उघडलं, कोणी झिपरूबरोबर काम केलं होतं, कोणी त्याला पट्ट्यातून सोडवलं होतं.

झिपरूच्या नावावरचा चोरीचा डाग पुसला गेला. त्याच्या बायकोला तिचा हक्क मिळाला. शेठजी परतले आणि मॅनेजरला त्याच दिवशी घरी बसवलं.

आठवड्याने मॅनेजर आपली छत्री आणि खोलीतलं सामान न्यायला आला. भर दुपार होती. या वेळी तो ओरडला नाही. फाटकाशी उभा राहिला आणि नानांनी विचारायच्या आधीच, खणखणीत आवाजात म्हणाला, "झिपरू."

नानांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तो शब्द जुना व्हयना, साहेब," ते म्हणाले. "काल बदलना."

आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.