सर्वानुमते गेलेलं टेकाड

वाळूची टेकाडं कशी जपावीत आणि गावाचा कचरा कुठं टाकावा, हे शिकायला आमच्या नगरपालिकेनं समुद्रकाठच्या एका गावी अभ्यास दौरा काढला. परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत आपल्या नदीकाठचं वाळूचं टेकाड काढून तिथं कचरा टाकायचा ठराव केला. दौऱ्याचा अहवाल मी लिहिला. ठरावही मीच लिहिला. दोन्हींत खोटं लिहिलं. अहवालातलं खोटं कुणाच्या घरात शिरलं नाही, ठरावातलं शिरलं.

मी त्या नगरपालिकेत क्लार्क होतो. गाव निपाणीच्या अंगाला, हद्दीला इतकं चिकटलेलं की आमच्या कोंबड्या दिवसभर महाराष्ट्रात दाणे टिपून संध्याकाळी कर्नाटकात झोपायला येत. गावातलं बोलणं सगळं मराठी, कचेरीतला कागद सगळा कन्नड. सभेत सभासद मराठीत भांडत, एकमेकांचे बाप काढत, आणि मी ते सगळं कन्नडात लिहून काढी. अर्थात बाप वगळून.

हद्दीच्या फुटाफुटासाठी आमची माणसं गळे काढतात. ही जमीन आमची, तो ओढा आमचा, ते चिंचेचं झाड तर आमच्या आज्यानं लावलेलं. पण जुना कचरा डेपो भरला आणि नव्या जागेचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांना एकाएकी दुसऱ्याचा हक्क आठवला. माळावरची जी जागा आमच्या अध्यक्षांनी दहा वर्षं भाषणांतून सोडली नव्हती, ती त्यांनी पलीकडच्या गावाच्या सरपंचांना एका चहात देऊन टाकली. "तुमचीच हाय की ती. आमी कवा न्हाय म्हणलं?" सरपंचही काही कमी उदार नव्हते. "न्हाय न्हाय, अध्यक्ष, तुमचा मान मोठा," म्हणत त्यांनी ती तिथल्या तिथं परत केली.

मग नजर टेकाडावर गेली. नदी गावाजवळ वळते त्या वळणावर पिढ्यान् पिढ्या पुराबरोबर आलेली वाळू साचून हे टेकाड झालेलं. दोन पुरुष उंच आणि चांगलं लांबलचक. त्यावर घायपात आणि लव्हाळा माजलेला. टेकाडाच्या पाठीशी खालची गल्ली, तीस-पस्तीस घरांची. पाणी चढलं की आधी टेकाडावर आपटायचं आणि मग नाखुशीनं वळायचं. ते कुणी बांधलेलं नसल्यामुळं नगरपालिकेच्या लेखी ते नव्हतंच. माझ्या रजिस्टरात त्या जागेपुढं शेरा होता, "रिकामी जागा, उंचसखल."

दौऱ्यावर आम्ही तेराजण गेलो. समुद्रकाठच्या त्या गावातही हाच वाद पेटलेला होता, कचरा टेकाडांच्या मागं टाकावा की गावापासून लांब न्यावा. तिथल्या अधिकाऱ्यानं आम्हाला वाळूवर पसरलेला मर्यादवेल दाखवला. त्याची मुळं वाळू कशी धरून ठेवतात, समुद्र खवळला की पहिला मार टेकाड अंगावर कसं घेतं, हे त्या भल्या माणसानं भर उन्हात समजावून सांगितलं. आमच्या अध्यक्षांनी प्रश्न विचारला, "पण साहेब, एवढी जागा मोकळीच ठेवलीय?" मग 'वेलावर पाय देऊ नये' या पाटीखाली वेलावर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला. उरलेला दिवस निम्मे लोक मासे शोधत होते आणि निम्मे मासे नसलेली खानावळ.

फोटोत नसलेली एकच होती, खालच्या गल्लीतली सभासद आक्का. राखीव जागेवर निवडून आलेली, घरी बिड्या वळणारी बाई. ती चपला हातात घेऊन टेकाडाच्या खालीच उभी राहिली आणि त्या अधिकाऱ्याला विचारत राहिली. हिंदीत, मराठीत, जमेल त्या कन्नडात. परतीच्या गाडीत सगळे घोरत असताना ती मला म्हणाली, "अण्णा, आपलं बी टेकाड ह्येच करतंय की. आपल्याकडं वेल न्हाय, घायपात हाय, एवढंच."

"व्हय आक्का," मी म्हणालो आणि खिडकीला डोकं टेकलं.

ठरावाच्या सभेत अध्यक्षांनी योजना मांडली. टेकाडाची वाळू रस्त्याच्या कामाला न्यायची. मग पडणाऱ्या आयत्या खड्ड्यात गावाचा आयता कचरा. सगळ्यांनी बाकं वाजवली. आक्का उठली.

"ही वाळू नदीनं आणली आन् घायपातानं धरली. तुमी दोघांच्या मधी कशाला पडतासा? टेकाड गेलं की पानी आमच्या चुलीत यील, आन् येताना तुमचा कचरा घिऊन यील. घाण तुमची आन् चूल आमची, हे चालायचं न्हाय. माझा इरोध लिवून घ्या, अण्णा."

अध्यक्ष हसले. "आक्का समुद्र बघून आलीया. तिला आता सगळीकडं लाटा दिसत्यात." हशा झाला. मग जेवायची वेळ झाली आणि सभा संपली.

आमच्याकडं सही आधी होई आणि सभा नंतर. सभासद आले की हजेरीची सही करत, तिच्याखाली मी मागाहून सभेचा वृत्तांत लिही. जेवणानंतर मी लिहायला बसलो. ठरावाचा मजकूर उतरवला आणि आक्काच्या बोलण्याशी अडलो. मी मराठी शाळेत शिकलेला. कन्नड शिकलो ते नोकरीत, परीक्षा देऊन. कचेरीचं कन्नड म्हणजे ठरलेली पंचवीस-तीस वाक्यं, ती मी मोत्यासारख्या अक्षरात लिही. "घाण तुमची आन् चूल आमची" हे त्यांत कुठंच बसेना. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. शेवटी माझ्या त्या ठेवणीतल्या वाक्यांतलं सगळ्यात सोपं वाक्य लिहून मोकळा झालो, "सर्वानुमतदिंद अंगीकरिसलायितु." सर्वानुमते मंजूर.

भाषेनं घात केला, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. बाहेर स्टुलावर शिपाई बसला होता, अस्सल कन्नड माणूस. त्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत वाक्य मिळालं असतं. पण त्याच महिन्यात आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी चारचौघांत मला म्हटलं होतं की मराठी माणसांत तुमच्याइतकं शुद्ध कन्नड कुणाचं नाही. असा माणूस शिपायाला कसा विचारणार? बाईचा विरोध माझ्या शुद्धलेखनाच्या आड आला आणि मी तो बाजूला सारला. अध्यक्षांना तो नकोच होता, हे आणखी बरं झालं. माझी लाज त्यांच्या सोयीची निघाली.

गल्लीसमोरचं अर्धं टेकाड महिनाभरात गेलं. खड्ड्यात कचरा पडायला त्याहून कमी वेळ लागला. या कामात नगरपालिकेनं दाखवलेली तडफ तिनं पाण्याच्या नळाबाबत कधी दाखवलेली नाही.

दुसऱ्याच पावसाळ्यात नदी आली. गल्लीपुढं तिला अडवायला काही नव्हतं. ती सरळ खालच्या गल्लीत गेली, आणि जाताना दीड वर्षाचा गावचा कचरा सोबत घेऊन गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांत कंबरेएवढा काळा चिखल, त्यात प्लास्टिक, मेलेली कुत्री, दवाखान्याच्या सुया. आक्काच्या सख्ख्या जावेची भिंत पडली. जावेच्या लेकीचं लग्न पंधरवड्यावर होतं. सगळा बस्ता त्या चिखलात गेला. अध्यक्ष नाकाला रुमाल लावून पाहणीला आले आणि निसर्गापुढं आपण सगळे लहान आहोत, असं म्हणाले.

गल्लीतल्या लोकांनी माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल काढली. कन्नड वाचणाऱ्या एका मास्तरांनी ती पिंपळाच्या पारावर बसून मराठीत सांगितली. सर्वानुमते मंजूर. वर आक्काची सही. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं वाळूखाई. नळावर तिच्या घागरीला कुणी जागा देईना. तिच्या जावेनं मधल्या भिंतीतली खिडकी विटा लावून बुजवली.

आक्का कचेरीत माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. "अण्णा, मी बोलले ते तुमी लिवलं न्हाय?"

सगळी कचेरी ऐकत होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आक्का, सभासदांचं बोलणं असं शब्दाशब्दानं लिहायची पद्धत नसते."

आक्का गेली. ती पुन्हा कचेरीची पायरी चढली नाही, आणि मी सन्मानानं निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला. माझ्या सुंदर अक्षराचा भाषणांत तीनदा उल्लेख झाला.

आता मी बेळगावात, कॅम्पात मुलाकडं राहतो. सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, खडेबाजारातून भाजी आणतो आणि ती महाग आणली म्हणून सुनेचं ऐकून घेतो. अशाच एका सकाळी पेपरात जाहीर सूचना दिसली. उरलेल्या अर्ध्या टेकाडावर कचरा डेपो वाढवायचा आहे, हरकती असल्यास सुनावणीला यावं. आधाराला "पूर्वी सर्वानुमते झालेला ठराव." माझं वाक्य अठरा वर्षांनंतरही नोकरीत होतं. त्याला निवृत्ती नव्हती.

मी बस पकडली.

सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीवर त्या अध्यक्षांचे चिरंजीव होते. खुर्ची नवी, हसणं जुनंच. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून सांगितलं की तो ठराव सर्वानुमते झालेला नाही, खालच्या गल्लीच्या आक्कांनी 'घाण तुमची आन् चूल आमची, हे चालायचं न्हाय' म्हणत स्पष्ट विरोध केला होता आणि तो मी लिहिला नाही.

"अण्णा," चिरंजीव मऊ आवाजात म्हणाले, "वय झालं की आठवणी जरा हिकडं-तिकडं होत्यात."

"आठवण गेली असती तर मी सुखानं बेळगावात बसलो नसतो का?" मी म्हणालो. "माझं म्हणणं लिहून घ्या आणि मला नक्कल द्या."

वृत्तांत लिहायला एक तरुण मुलगी होती. ती लिहिता लिहिता थांबली. "सर, 'घाण तुमची आन् चूल आमची' हे कन्नडात कसं घालू?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं, आणि कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. मी तिला सांगितलं. ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. कॅम्पातल्या रस्त्यांवर फिरताना इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो?

निर्णय राखून ठेवण्यात आला. चहा आला.

शिक्का मारलेली नक्कल घेऊन मी खालच्या गल्लीत गेलो. आक्का उंबऱ्यात बसून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. केस पार पांढरे झालेले. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"काय हाय ह्यात?"

"तुम्ही त्या दिवशी बोललात ते."

"कन्नडात?"

"व्हय."

"म्हंजी परत माझ्या उपेगाचं न्हाय." तिचे हात थांबले नाहीत. "एवढं लिवायला अठरा वर्सं? अक्षर तर तुमचं लई चपळ हुतं, अण्णा."

"चुकलो, आक्का."

"चुकलासा न्हाय. चुकलेला मानूस सांगितल्यावर तरी खोडतो. मी तुमच्या टेबलापाशी येऊन सांगितलं हुतं." तिनं बिडीला दोरा बांधला. "कागद ठिवा तुमच्याकडंच. पारावर मराठीत वाचून माझं नाव घालवलं, आता दारोदार जाऊन मराठीतच सांगा. तोंडानं. पैलं दार माझ्या जावंचं."

जावेचं दार शेजारीच होतं. बुजवलेल्या खिडकीच्या विटा गिलाव्याविना तशाच होत्या. जाऊ बाहेर आली आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोण उठलं, काय बोललं, मी काय लिहिलं आणि शिपायाला का विचारलं नाही, तेसुद्धा. तिनं मला पाणीही विचारलं नाही, आणि आमच्याकडं पाणी न विचारणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"तिनं सांगितलं हुतं मला," शेवटी ती म्हणाली. "पोरीची शप्पत घिऊन सांगितलं हुतं. मी म्हणलं, सरकारी कागद खोटं बोलंल व्हय? तूच खोटी." तिनं माझ्या हातातल्या नकलेकडं बघितलं. "कागद कुनी लिवला, हे इचारायचं आमच्या डोस्क्यातच आलं न्हाय बगा."

ती मला ओलांडून शेजारच्या उंबऱ्याशी गेली. मग न बोलावता खाली टेकली आणि सुपातली निम्मी पानं स्वतःच्या मांडीवर ओढून घेऊन वळायला लागली.

"अजून पातळच वळतीस," आक्का म्हणाली.

"तुझं दोरं सैल हाईत, ते बग आदी," जाऊ म्हणाली.

दोघींच्याही माना खाली होत्या. मला वाटलं, आपलं काम झालं. मीही हलकेच पुढं झालो आणि त्या पायरीवर टेकायला वाकलो.

आक्कानं मान वर न करता विचारलं, "अण्णा, तुमी हितं कुठं बसाय लागलासा? सगळी गल्ली ऱ्हायलीया अजून."