न गळणाऱ्या पिंपांचा वॉटी

वॉटी इम्लाकचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. बंदरावरच्या मासळी खारवायच्या आवारात तो पिंपं बांधायचा. मीही तेच करायचो. फळ्या गोलात उभ्या करायच्या, आत शेगडी पेटवायची, लाकूड नरमलं की वरून लोखंडी कडी ठोकत खाली आणायची. घाई केली की फळी तडकते. वॉटीची तडकत नसे. त्याचं पिंप गळलेलं मी पाहिलं नाही. माणूस कसा होता ते पुढे येईलच. पिंपं चांगली होती.

संध्याकाळी आम्ही गावच्या पाइप बँडात. मी मोठा ढोल बडवायचो. त्याला अक्कल लागत नाही, खांदा लागतो. वॉटी पाइप वाजवायचा, काखेत चामड्याची पिशवी धरून ती फुंकायचा, आणि बरा वाजवायचा. पण सगळ्यांच्या पुढे चालायचा हेक्टर लीस, सत्तरीचा पाइप मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या. त्याच्या टोपीत मोठं पीस होतं. वॉटीचा सगळा जीव त्या पिसात.

काडी टाकली बायकांनी. हेरिंग मासळी चिरणाऱ्या बायकांची टोळी तिघींची. दोघी चिरतात, तिसरी पिंपात थर लावते. आमच्या शेजारची टोळी भलती तोंडाळ.

"काय पाइप मेजर, रिकामं पिंप सरकवा की इकडे!"

"मी कुठला पाइप मेजर?" वॉटी म्हणाला.

"आज नाही तर उद्या. म्हाताऱ्याच्या छातीत वारा उरलाय किती?"

तिघी खिदळल्या. मला त्या एकदा नगराध्यक्ष म्हणाल्या होत्या. मी घरी जाऊन सूप प्यालो आणि झोपलो. वॉटीनं घरी जाऊन बायकोला सांगितलं.

एल्सीइतकी हुशार बाई गावात नव्हती. नसती तर बरं झालं असतं.

"म्हातारा आपणहून उतरायचा नाही," ती म्हणाली.

"वाट बघू की."

"बघ. तोवर तुझे दात पडतील. बोळक्या तोंडानं फुंक मग."

उन्हाळी खेळांतल्या पाइप स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी हेक्टरला जेवायला बोलावलं. धुरावलेल्या माशाचं सूप, वर व्हिस्की. म्हातारा तिथंच झोपला. त्याचा पाइप त्यांच्याच खुंटीला टांगलेला.

दुसऱ्या दिवशी मैदानात परीक्षकांसमोर हेक्टर फुंकत राहिला. तोंड बिटासारखं झालं, आणि पाइपातून अडलेल्या गाईसारखा आवाज आला. तो गवतावर बसला. टोपी काढून त्यानं स्वतःच्या हातानं वॉटीच्या डोक्यावर ठेवली.

"पोरा, माझी छाती गेली रे."

वॉटी रडला. खरंच रडला. टोपी मात्र काढली नाही.

हिवाळ्यात हेक्टरनं तो पाइप डॉड रीआखला देऊन टाकला. डॉड वॉटीचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं पाइपाच्या पिशवीची मखमली खोळ उतरवली आणि मला चामडं दाखवलं. गोल छिद्र.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"गिरमिट चालवणारा उंदीर?"

पिंपातलं खारं पाणी तपासायला आम्ही जे बारीक गिरमिट वापरतो, त्याचंच छिद्र होतं. काम सफाईदार. आवारात इतकं सफाईदार काम एकाचंच.

"हेक्टरला सांग," मी म्हणालो.

"वॉटी त्याला मुलासारखा. छाती गेली हे त्यानं सोसलं. हे नाही सोसायचं."

डॉडनं वॉटीला मात्र तोंडावर सांगितलं, टोपी खाली ठेव. वॉटीनं डॉडलाच काढलं. म्हणे, हा दारू पितो. आमच्या बँडात दारूवरून माणूस काढायचा तर ढोलसुद्धा घरी पाठवावा लागेल. ज्यानं ज्यानं विचारलं, डॉड का गेला, तोही गेला. शेवटी उरलो मी आणि ते पीस. आम्ही दोघं वाजवत निघालो तर लोकांना वाटलं कल्हईवाले आलेत. एकीनं पातेली बाहेर काढली. त्या दिवशी माझा खांदा दुखायला लागला, तो कायमचा.

एल्सीला घरात फुसफुस ऐकू यायची. "कुठून तरी वारा जातोय, वॉटी." तिनं खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, किल्लीच्या भोकात मेण भरलं, एका थंडीत धुराडंही बुजवलं. खाली कोळसा पेटता. वॉटी पाचला कामावर गेलेला. परत आला तेव्हा घरातून काहीच गळत नव्हतं, धूरही नाही; आत एल्सी गेलेली.

आमच्याकडे शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात. दोरी दिली तर नाही म्हणायचं नसतं. पहिली, डोक्याकडची, नवऱ्याची. उरलेल्या सातांतली एक वॉटीनं हेक्टरला दिली, बाकी त्यानं हाकललेल्यांनाच. सगळे आले. डॉड आला. हेक्टरही आला, काठी टेकत. पण बँडात पाइप वाजवायला कुणी उरलं नव्हतं, आणि वॉटीचे हात दोरीत. म्हणून त्यानं एल्गिन शहरातून पाइपवाला भाड्यानं आणला होता.

त्याची पिशवी गळत होती. सूर खाली खाली बसत गेला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"बिचारा," हेक्टर पुटपुटला. "छाती गेली असेल."

"छाती नाही, हेक्टर," वॉटी दोरी हळूहळू खाली देत म्हणाला. "छिद्र आहे. तुमच्याही होतं. मीच पाडलेलं."

 हेक्टरनं हातातली दोरी सोडली नाही. अर्ध्यावर सोडली तर पेटी कलते. पेटी नीट तळाला टेकली, मगच तो वळला आणि फाटकाबाहेर गेला.

वॉटीनं त्या पाइपवाल्याची बिदागी पुरी चुकती केली, पहाटे पाचला उठून पिंपं बांधलेल्या कमाईतून.